मोगली कोणत्या साली जन्मला?

मोगलीच्या गोष्टींत साल कुठेच नाही. पहिली कथा सुरू होते ती सिवनीच्या डोंगरात, उकाड्याच्या एका संध्याकाळी. सात वाजले आहेत एवढे किपलिंग सांगतो. कोणत्या सनातले सात, ते सांगत नाही. पुस्तके दोन. ‘द जंगल बुक’ १८९४ चे आणि ‘द सेकंड जंगल बुक’ १८९५ चे. त्यांच्याही आधी, १८९३ मध्ये, ‘मेनी इन्व्हेन्शन्स’ या संग्रहात ‘इन द रुख’ नावाची कथा आली होती. तिच्यातला मोगली जाणता आहे. तो वनखात्यात नोकरीला लागतो, लग्न करतो. या सगळ्या कथा ओळीने लावल्या की एका माणसाचे रांगण्यापासून संसारापर्यंतचे आयुष्य हाती येते, म्हणजे कादंबरीच हाती येते. आणि कादंबरी म्हटली की ती कधी घडते हे विचारावेसे वाटतेच.

गोंदियात बसून ही गोष्ट वाचताना ती लांबची वाटत नाही. किपलिंगची वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट ओलांडते आणि आपल्या तिरोडा तालुक्याच्या कडेने भंडाऱ्याकडे जाते. कथेत ज्या ‘खानीवाड्या’ला इंग्रजांची कचेरी आहे, ते कान्हीवाडा गाव खरेच आहे. छोटी लाइन होती तेव्हा गोंदियाहून नैनपूरला जायचे, तिथे सिवनीची गाडी धरायची, की वाटेत कान्हीवाडा स्टेशन लागायचे. इंग्रजी अमलात सिवनी आणि आपला भंडारा हे एकाच मध्य प्रांताचे जिल्हे होते.

हा वाद ज्या दोघांत रंगला, त्यांतले एक गोंदियातल्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर आणि दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूला वनपाल. सरांचे म्हणणे, मोगलीचे साल काढता येते. तिचे म्हणणे, काढता येईल, पण ते मोगलीचे असेल कशावरून? मी ऐकणारा होतो. जिथे राहवले नाही तिथे मधे माझेही लिहिले आहे.

सर : गोष्टीत साल लिहिलं नाही म्हणून ती काळाच्या बाहेर जात नाही, बेटा. लेखक न सांगता पुष्कळ सांगून जातो. बंदूक कसली, कचेरी कुठे, गाडी आहे की नाही, पैसे कोण देतं. प्रत्येक गोष्टीला जन्मसाल असतं. आपण दोन खुंट्या ठोकायच्या : याच्या आधी नाही आणि त्याच्या नंतर नाही. उद्या कोणी गोंदियावर कादंबरी लिहिली आणि तिच्यातला माणूस राजधानीचं काम म्हणून नागपूरला गेला, तर ती १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीची. मालगुजार सारा वसूल करतो आहे, तर ३१ मार्च १९५१ च्या आधीची. कलेक्टरला भेटायला भंडाऱ्याला जावं लागतं, तर १ मे १९९९ च्या आधीची. छोट्या गाडीने थेट जबलपूरला निघाला, तर १९०५ च्या आसपासची किंवा त्यानंतरची. एवढ्यानेच कादंबरी अर्ध्या शतकाच्या आत येते.

वनपाल : मालगुजारी एका तारखेला गेली, सर. मालगुजार कुठे गेला? वाडा तिथंच होता. तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचं, हे कायदा झाल्यावरही कित्येक वर्षं त्याच वाड्यात ठरत होतं. तुमच्या त्या लेखकाने हे खरं लिहिलं, तर तुम्ही त्याची कादंबरी वीस वर्षं मागे नेऊन ठेवाल.

सर : सारा वसूल करतो म्हटलं मी, पाणी सोडतो नाही म्हटलं. सत्ता उरते, पावती उरत नाही. खूण निवडताना हे पाहावंच लागतं.

वनपाल : मग तुमच्या खुंटीला हत्ती बांधून दाखवा. मोगलीच्या जंगलात हाथी आहे, त्याची तीन पोरं आहेत, रानातले हत्ती. एकोणिसाव्या शतकात सिवनीच्या जंगलात रानहत्ती नव्हते. ‘ऐन-ए-अकबरी’त मध्य भारतातल्या रानहत्तींच्या नोंदी आहेत. मग काय मोगली अकबराच्या वेळचा? आणि आता उलटं बघा. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून एक कळप गडचिरोलीत आला आणि पुढच्या वर्षी आपल्या अर्जुनी मोरगावात उतरला. धान तुडवला, घरातलं धान्य काढायला कुडाच्या भिंती पाडल्या. हे मी रात्र-रात्र जागून पाहिलं आहे. शंभर वर्षांनी कोणी नवेगावच्या जंगलात हत्ती असलेली कादंबरी वाचेल, तर तो काय साल धरेल?

सर : २०२२ च्या नंतरचं. आणि बरोबर धरेल. तूच खूण दिलीस. नियम एकच लक्षात ठेव : जुनी वस्तू उशिरापर्यंत टिकू शकते, नवी वस्तू वेळेच्या आधी येऊ शकत नाही. म्हणून काळ ठरवताना सगळ्यात जुनी खूण नाही धरायची, सगळ्यात नवी धरायची. बलदेव शिकाऱ्याकडे जुनी टॉवर मस्केट आहे. ती बंदूक त्याच्या आजाचीही असेल; तिने काही ठरत नाही. हाथीनेही ठरत नाही. पण शेरखान वाघाच्या कातड्यावर सरकारने शंभर रुपये लावले आहेत आणि ते कान्हीवाड्याला मिळतात, ही नवी गोष्ट. म्हणजे जिल्ह्याचा कारभार बसलेला आहे, खजिना आहे, बक्षीस वाटायची पद्धत आहे. सिवनी भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेली १८१८ मध्ये, मध्य प्रांत झाला १८६१ मध्ये. मोगलीला आपलं हरवलेलं पोर समजून घरात घेणारी मेसुआ, तिचा नवरा जीव वाचवून पळताना काय बोलतो, आठवतं? कान्हीवाड्याला जाईन आणि गावावर असा दावा लावीन की पुजारी आणि बलदेव दोघेही बुडतील. अंगावर जखमा आहेत, घर गेलं आहे, आणि हा माणूस कोर्टाची भाषा बोलतो. त्याच्या गावाला दिवाणी दावा ठाऊक झालेला आहे.

सरांची ही खूण मला फार आवडली. माणूस भीतीत काय बोलतो यावरून त्याचा काळ कळतो, हे इतिहासाच्या पुस्तकात नसते. शंभर वर्षांपूर्वी त्याच जागी तोच माणूस पंचायतीकडे, मालकाकडे किंवा देवाकडे गेला असता.

वनपाल : ठीक. १८६१ नंतरचा धरू. वरची खुंटी?

सर : ती तर छापलेलीच आहे. ‘इन द रुख’ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मोगलीचं लग्न झालेलं आहे, पोर झालेलं आहे. पुढे त्याच कथेत म्युलर आहे, साऱ्या हिंदुस्थानच्या जंगलांचा मुख्य अधिकारी, धिप्पाड जर्मन. खात्याचे पहिले तिन्ही इन्स्पेक्टर जनरल जर्मनच होते. ब्रँडिस १८६४ ते १८८३, मग दोन वर्षं श्लिश, मग १८८५ पासून रिबेनट्रॉप. म्युलर हा रिबेनट्रॉपवर बेतला आहे असं किपलिंगचे अभ्यासक मानतात. शिवाय हा म्युलर जंगलात बसून स्विन्बर्नची कविता म्हणतो, ‘डोलोरेस’. ती १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे म्युलर मोगलीला नोकरी देतो तो काळ १८८५ ते १८९३. तेव्हा मोगली विशीचा. जन्म १८६५ ते १८७३. शेरखान मारला तेव्हा तो अकरा-बाराचा, म्हणजे १८७६ ते १८८४ मधली कोणती तरी गोष्ट. झालं की नाही?

वनपाल : कागदावर झालं. जंगलात नाही झालं. सर, मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकच शोधत होते, आपल्या खात्याचा कोणी दिसतो का. ‘इन द रुख’ सोडली तर कुठेच नाही. मोगली म्हशी घेऊन सकाळी रानात जातो. चराईचा पास नाही, ढोरं कोंडवाड्यात घालायला कोणी येत नाही. कोळसा पाडणारे लाकूड जाळून राहिले. कोणतं झाड तोडायचं त्याच्यावर घणाची खूण नाही. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, जंगल वाळून कोळ होतं, पण जाळरेषा नाही. कोणी ‘हे राखीव आहे, मागे व्हा’ म्हणत नाही. गावाला वाघाची भीती आहे, लांडग्याची आहे, भुताची आहे. गार्डाची नाही. १८८० च्या सुमाराला मध्य प्रांतात हे शक्य नव्हतं. तुम्हीच सांगितलं होतं वर्गात, कायदा कधी झाला ते.

सर : १८७८ चा वन कायदा. त्याच्याही आधी बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं होतं. बरोबर. पण बेटा, जे नाही त्याची खूण धरताना जपून. लेखकाने लिहिलं नाही याचा अर्थ तिथे नव्हतं असा होत नाही. मोगलीच्या कथांत पोस्टमनही नाही. त्यावरून टपाल नव्हतं म्हणायचं का?

वनपाल : पोस्टमनचं गावात काम असतं, सर. गोष्ट जंगलात आहे. ज्याचं रोजचं कामच तिथं, तो बारा वर्षं दिसत नाही?

इथे मला तिचे पटते. अभाव ही कच्ची खूण खरी. पण लेखकाला ती गोष्ट नीट ठाऊक होती असे सिद्ध करता आले, की अभावालाही वजन येते. किपलिंगला वनखाते ठाऊक होते. ‘इन द रुख’ची सुरुवातच खात्याच्या कारभाराच्या वर्णनाने होते; झाडे लावणे, वाळू अडवणे, गुरे रोखणे, सगळे त्यात आहे. ज्याने १८९३ मध्ये हे लिहिले, त्यानेच पुढच्या दोन वर्षांत बालमोगलीच्या जंगलातून खाते पार पुसून टाकले. हे विसरण्यासारखे नाही. एक तर त्याने ठरवून केले, नाही तर ते जंगल त्याने जिथून घेतले तिथेच खाते नव्हते. ती पुढे याच दुसऱ्या शक्यतेकडे गेली. पण त्याआधी सरांनी आपली सगळ्यात मोठी खूण काढली, आणि तिच्यावर बराच वेळ गेला.

सर : बलदेवची भुताची गोष्ट घे. गावाच्या पारावर बसून तो सांगतो की मेसुआचं पोर नेणारा वाघ साधा वाघ नाही, त्यात पुरणदास सावकाराचं भूत शिरलं आहे. पुरावा काय? वाघ लंगडा आहे, आणि पुरणदासही लंगडायचा. का लंगडायचा? एकदा दंगा झाला, लोकांनी त्याच्या चोपड्या जाळल्या, त्यात त्याला मार बसला. सावकाराच्या चोपड्या जाळण्याचा दंगा! मराठी माणसाला साल सांगावं लागतं का? १२ मे १८७५, सुपे. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव कुणबी उठले, कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून होळी केली. कमिशन बसलं, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. किपलिंग १८८२ पासून वर्तमानपत्रात नोकरीला. हा विषय त्याच्या कानावर नव्हता असं होणार नाही.

वनपाल : सुपे कुठे, सिवनी कुठे?

सर : दंग्याची बातमी चालत जाते.

वनपाल : बातमी जाते, मार नाही जात. पुरणदासाचा पाय त्याच्या गावात मोडला. आणि सर, तुमचेच आकडे मांडते. मोगलीला वाघाने पळवलं तेव्हा तो नुकता चालायला लागलेला. बलदेवच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी वाघात भूत होतंच. म्हणजे पुरणदास आधीच मेलेला. म्हणजे दंगा त्याच्याही आधीचा. दंगा १८७५ चा धरला तर मोगली पळवला गेला लवकरात लवकर १८७६ मध्ये. शेरखान मारला १८८६ मध्ये. ‘स्प्रिंग रनिंग’मध्ये तो सतरा वर्षांचा होतो, ते येतं १८९१-९२ ला. त्यानंतर रुखमध्ये, म्हणजे राखीव रानात जाणार, तिथल्या वनखात्याच्या गिसबर्न साहेबाला भेटणार, म्युलर त्याला तपासणार, लग्न होणार, पोर होणार. आणि १८९३ ला पुस्तक छापून बाजारात. कुठे जागा आहे?

सरांनी कागद ओढून पुन्हा हिशेब केला. आकडे तेच आले.

सर : नाही जागा. १८७५ गेलं. मग एकच मोठा प्रसंग उरतो, १८५७. दोआबात, सहारनपूरकडे, जिथे जिथे सरकार डळमळलं तिथे लोकांनी आधी सावकाराच्या वह्या जाळल्या. आणि तो वणवा सिवनीच्या उशाशी होता. जबलपूरला शंकरशाह आणि रघुनाथशाह या गोंड राजा-राजपुत्राला १८ सप्टेंबर १८५७ ला तोफेच्या तोंडी दिलं. मंडल्यात रामगढची राणी अवंतीबाई लढली, १८५८ च्या मार्चमध्ये तिने प्राण दिला. आपल्याकडची लोधी मंडळी आजही तिची जयंती करतात. पुरणदासाचा पाय त्या वर्षी मोडला असेल, तर पुढचं सगळं सहज बसतं. आठ-दहा वर्षं तो लंगडत वसुली करत राहिला, मेला, भूत झाला, आणि १८६६-६७ च्या सुमाराला वाघाने मेसुआचं पोर नेलं. जन्मसाल १८६५ ते १८७३ च्या आतच पडतं.

वनपाल : पण बलदेव थापाड्या आहे, सर. किपलिंगने तसाच रंगवला आहे. मोगली तिथंच सगळ्यांसमोर सांगतो की हा वाघ जन्माचाच लंगडा आहे. ज्या साक्षीदाराला गोष्टीतलं पोरही खोटं पाडतं, त्याच्या जबानीवर तुम्ही सन उभा करून राहिले.

सर : थापाड्याची जबानी कधी कधी सरळ माणसापेक्षा कामाची असते. बलदेव वाघाबद्दल खोटं बोलतो. पण ऐकणाऱ्यांना पटावं म्हणून आजूबाजूला तो खरंच ठेवतो. पुरणदास लंगडायचा हे पारावरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. ते लगेच माना डोलावतात. भूत खोटं, दंगा खरा.

दोघांच्या बोलण्यात हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. कादंबरीतल्या खुणा बहुधा अशाच आडबाजूला असतात. लेखक जिथे काळ दाखवायचा म्हणून दाखवतो, तिथे तो सावध असतो. एखादे पात्र बढाई मारत असते तेव्हा मागची भिंत, भिंतीवरची तसबीर आणि जुने भांडण नकळत आत येते.

वनपाल : बरं, दंगा खरा मानते. पण कोणाचा खरा? बलदेवच्या गावाचा, की किपलिंगने कुठे वाचलेला? माझं सगळं म्हणणं इथं आहे. हा माणूस सिवनीला कधी आलाच नाही. मुंबईत जन्मला, लाहोरला आणि अलाहाबादला नोकरी केली, १८८९ मध्ये हिंदुस्थान सोडला, आणि मोगली लिहिला अमेरिकेत, व्हर्मांटच्या बर्फात बसून. समोर पुस्तक होतं स्टर्नडेलचं. १८७७ मध्ये छापलेलं, ‘सिवनी’ याच नावाचं. सातपुड्यात नोकरी आणि शिकार केलेला माणूस तो. त्याने जे जंगल लिहिलं ते छापण्याच्या कितीतरी वर्षं आधी पाहिलेलं, खातं गावोगाव पोचायच्या आधीचं. म्हणून मोगलीच्या जंगलात गार्ड नाही! किपलिंगने गार्ड काढून नाही टाकला. त्याला जे जंगल मिळालं त्यात गार्ड नव्हताच.

सर : म्हणजे तुझ्या मते मी मोगलीचं नाही, स्टर्नडेलचं साल काढतो आहे.

वनपाल : काही खुणा स्टर्नडेलच्या, काही लाहोरच्या, आणि काही तर राजस्थानच्या. पहिल्या खर्ड्यात किपलिंगने ही गोष्ट अरवलीत घातली होती, मेवाडकडे. मग बदलून सिवनी केलं. मला हे वाचून फार बरं वाटलं, काहून सांगू? लांडगा. लांडगा आमच्या दाट जंगलाचं जनावर नाही, सर. तो माळाचा, खुरट्या झुडपांचा, मेंढरांच्या मागावर राहणारा. वाघ, अस्वल, रानकुत्रे, गवा हे सातपुड्याचे. पण जंगलाच्या मधोमध डोंगरावर सभा भरवणारा लांडग्यांचा कळप अरवलीतून आलेला वाटतो. हाथी भरतपूरची शेतं उजाड केल्याची आठवण सांगतो. सिवनीच्या हत्तीला भरतपूर कशाला आठवावं? तेही तिकडूनच आलेलं असणार. जागा बदलली, पण सामान नाही बदललं.

लांडग्याची ही खूण मी कुठल्या टीकालेखात वाचलेली नाही. रानात पायी फिरणाऱ्या माणसालाच ती दिसू शकते. आणि तिने वादाचे स्वरूप बदलले. प्रश्न आता ‘खूण खरी की खोटी’ हा राहिला नाही. खूण गोष्टीच्या आतली, की लेखकाच्या टेबलावरची, हा झाला.

सर : मग कोणत्याच कादंबरीचं साल काढायचं नाही का? ‘बनगरवाडी’ घे. माडगूळकरांची कादंबरी १९५५ ची. पण आत काय आहे? संस्थानी मुलूख. शाळामास्तर संस्थानाचा नोकर. गावकरी तालीम बांधतात आणि उद्घाटनाला राजेसाहेब स्वतः येतात. माणदेशात व्यायामाचं वेड असलेला राजा म्हणजे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. गादीवर १९०९ ते १९४७. मार्च १९४८ मध्ये औंध विलीन झालं. म्हणजे छापली त्याच्या निदान सात वर्षं आधीची गोष्ट. हे कळलं की शेवटचा दुष्काळ वेगळा वाचला जातो. नुसती वाडी ओस पडत नाही. ज्या संस्थानाने ती शाळा काढली, ते संस्थानही वाचक पुस्तक हातात घेतो तेव्हा उरलेलं नसतं.

वनपाल : तिथे माझी हरकतच नाही. माडगूळकरांनी तो मुलूख पायाखाली घातला, तिथे मास्तरकी केली. त्यांची खूण म्हणजे त्यांनी पाहिलेलं. तिथे लेखकाचं साल, गोष्टीचं साल आणि जागेचं साल एकमेकांच्या जवळ आहे. ‘रणांगण’ तर त्याहून जवळ. १९३९ ची कादंबरी, हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू बोटीवर आहेत. विश्राम बेडेकरांनी लिहिलं ते लढाई तोंडावर असताना. तिथं साल काढायला डोकं लावावंच लागत नाही. अडचण आहे ती न पाहिलेल्या मुलखावर लिहिणाऱ्याची. त्याच्या खुणा उसन्या असतात, आणि प्रत्येक उसनवारीची तारीख वेगळी.

सर : उसनी घेतली तरी एकदा गोष्टीत आली की ती गोष्टीची. वाचक शेरखानला स्टर्नडेलचा वाघ म्हणून घाबरत नाही. मोगलीचं एकच आयुष्य आहे. ते एका सलग काळातून गेलं पाहिजे. दोन साली जन्मलेला माणूस मी कसा मान्य करू?

वनपाल : मग ‘इन द रुख’ बाहेर काढा. भांडण मिटेल. ती कथा आधी लिहिलेली, तिच्यातलं जंगल उत्तरेकडचं, नावसुद्धा पंजाबातलं. बालमोगली त्याने मागाहून जोडला. ती काढली की वरची खुंटी १८९५ ला सरकते आणि तुमचं सुपेसुद्धा परत येतं, १८७५ चं. १८८६ ला शेरखान, १८९२ ला सतरावं वर्ष, १८९५ ला पुस्तक. बसतं.

हे ऐकून सर खुश होतील असे मला वाटले होते. आपले आवडते साल आयते परत मिळत होते. त्यांनी ते घेतले नाही.

सर : नाही काढता येत. ‘टायगर! टायगर!’च्या अगदी शेवटी किपलिंग स्वतः म्हणतो की पुढे काही वर्षांनी मोगली मोठा झाला, त्याने लग्न केलं, पण ती गोष्ट मोठ्या माणसांसाठी आहे. हे वाक्य १८९४ च्या पुस्तकात आहे. त्याने ते लग्न होऊन गेलेलं धरलं आहे. १८८६ मध्ये अकरा वर्षांचा असलेला मुलगा १८९४ च्या आत मोठा होऊन, लग्न होऊन, लेखकाने मागे वळून सांगावा इतका जुना होत नाही. कसंबसं बसवता येईल, पण बसवलेलं दिसेल. माझं म्हणणं, १८५७ चा दंगा, १८६७ च्या आसपास पळवापळवी, १८७७-७८ ला शेरखान.

वनपाल : आणि १८७८ लाच कायदा. बघा, सर, इथे मला साल खरंच हवं आहे. तुम्हाला वाटतं मी सालाच्या विरोधात आहे. नाही. म्युलर मोगलीला नोकरी देतो, पगार देतो, म्हातारपणी पेन्शन मिळेल म्हणतो. ती नोकरी काय आहे, मला ठाऊक आहे. कायद्याच्या आधी नेमलेला मोगली वाटाड्या असता. साहेबाला जंगल दाखवणारा. कायद्याच्या नंतरचा मोगली पहारेकरी. ज्या म्हशी त्याने स्वतः चारल्या, तसल्याच म्हशी त्याला अडवायच्या आहेत. ‘लेटिंग इन द जंगल’मध्ये गावकरी सल्ला विचारायला रानातल्या गोंडाला बोलावतात, तो येतो, कारल्याचा वेल उचलून देवळाच्या दारावर गुंफतो आणि त्यातूनच सांगतो की गाव संपलं. त्या गोंडाला लाकडासाठी, शिकारीसाठी पकडायचं काम पुढे मोगलीचंच. १८७० मधला मोगली आणि १८८८ मधला मोगली ही माझ्या लेखी वेगळी माणसं आहेत. साल कळल्याशिवाय मला तो कोणाच्या बाजूला उभा आहे ते कळत नाही.

सर : मग इतका वेळ भांडत का होतीस?

वनपाल : तुम्ही एक साल मागून राहिले. मी दोन देते. माणसाचं साल तुमचं घ्या. १८६५ ते १८७३ मधला जन्म, १८८५ नंतरची नोकरी. जंगलाचं साल माझं. खातं यायच्या आधीचं, स्टर्नडेलने पाहिलेलं. मोगली एका काळाच्या जंगलात वाढतो आणि दुसऱ्या काळाच्या जंगलात नोकरी करतो. मधली वीसेक वर्षं किपलिंगने लिहिलीच नाहीत. त्या वीस वर्षांत आपल्या सगळ्या मुलखाचं जंगल गावाकडून सरकारकडे गेलं.

सर : दोन मान्य केली तर प्रत्येक खूण कोणत्या बाजूला जाते ते ठरवावं लागेल. चोपड्यांचा दंगा?

वनपाल : जंगलाच्या बाजूला. १८५७.

सर : कोर्टातला दावा?

वनपाल : माणसाच्या. ते किपलिंगच्या काळचं बोलणं वाटतं मला.

सर : आणि शेरखानच्या कातड्याचे शंभर रुपये?

वनपाल : ते अडतं. स्टर्नडेलच्या वेळीही वाघाला बक्षीस होतं, पुढेही होतं. शंभराचा दर कधीचा, त्यावर आहे.

सर : मध्य प्रांताच्या जुन्या वार्षिक अहवालांत वाघ-बिबट्यांच्या बक्षिसाचे हिशेब छापलेले असतात, जिल्हावार. नागपूरला जाऊन काढावे लागतील. १८६१ पासून सुरुवात करू.

वनपाल : सिवनीबरोबर भंडाऱ्याचेही काढा, सर. आपल्याकडच्या वाघाला किती लावले होते, तेही कळेल.